जादू शिकविणारे यंत्र आणि पत्त्यांचा कॅट

गेल्या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या दिरांनी अमेरिकेहून येताना ११ वर्षांच्या पुतण्यासाठी निन्टेन्डो डीएस हे हातात मावणारे खेळयंत्र आणले; जुने, पण उत्तम चालणारे. त्यासोबत ‘मास्टर ऑफ इल्युजन’ नावाचा एक खेळ होता. खोके उघडले तेव्हा यंत्रात बसवावयाची टपाल तिकिटाएवढी चकती निघाली आणि तिच्या शेजारी पत्त्यांचा एक कॅट निघाला. तो पाहताच मुलाच्या आजोबांनी खोके बंद करून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. त्यांचे म्हणणे दुहेरी आहे: या घरात आजवर पत्ते आले नाहीत, ते आता येऊ नयेत, आणि ज्या खेळाचा हेतूच समोरच्याला फसविणे हा आहे, तो पेढीवर बसणाऱ्या घरातील मुलाच्या हाती देऊ नये. मुलाची आई विचारते, “मामंजींचा शब्द मोडावयाचा नाही, पण मुलाला काय सांगावे तेही सुचत नाही. हा खेळ खरोखरच वाईट आहे काय?”

वाचकहो, आजोबांचे दोन्ही आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. त्यांचा विचार करण्यापूर्वी ही वस्तू नेमकी काय आहे ते पाहू.

निन्टेन्डो डीएस हे यंत्र २००४ साली बाजारात आले. वहीसारखे उघडणारे, दोन पडदे असलेले. खालच्या पडद्यावर लहानशा काडीने स्पर्श करता येतो आणि आत ध्वनिग्राहकही आहे. जगभरात अशी सुमारे १५ कोटी ४० लाख यंत्रे विकली गेली; आता ती नवी बनत नाहीत, तरी अनेक घरांच्या खणांत पडून आहेत. कंपनीने त्या काळी जाणीवपूर्वक असे खेळ काढले, ज्यांत मारामारी नाही आणि जे आजीआजोबांनाही खेळता येतील. बुद्धीला व्यायाम देणारा त्यांचा आकडेमोडीचा खेळ २००५ मध्ये आला आणि जपानमध्ये वयस्क लोकांनीही तो घेतला. त्याच लाटेत २००६ साली जपानमध्ये ‘मॅजिक ताइझेन’, म्हणजे जादूचा महाकोश, हा खेळ निघाला. पुढील वर्षी तो अमेरिकेत ‘मास्टर ऑफ इल्युजन’ या नावाने आणि त्यानंतर युरोपात ‘मॅजिक मेड फन’ या नावाने गेला.

त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात यंत्रच जादूगार होते आणि एकट्या खेळाडूवर प्रयोग करून त्याला चकित करते. दुसऱ्या भागात हात, डोळे आणि स्मरण यांची तालीम आहे. तिसरा भाग महत्त्वाचा. त्यात मुलाला चार माणसांसमोर करावयाचे प्रयोग पायरीपायरीने शिकविले जातात आणि यंत्र हे त्याचे साहित्य बनते. समोरच्याने पत्ता निवडावा आणि तोच पत्ता यंत्राच्या पडद्यावर प्रकट व्हावा, या जातीचे हे प्रयोग. पाहणाऱ्याला वाटते की यंत्राला मनातले कळले. असल्या प्रयोगांत दोनच शक्यता असतात: निवड आधीच ठरलेली असते, किंवा जादूगाराने नकळत यंत्राला खूण केलेली असते. कोणत्या प्रयोगात काय, ते मी येथे लिहिणार नाही. मुलाने खेळ उघडलाच तर त्याची गंमत कायम राहिली पाहिजे.

आता पत्त्यांचा प्रश्न. सप्तव्यसनांच्या यादीत द्यूत पहिले आहे, आणि आपल्याकडील अनेक घरांत पत्ते न आणण्याचा नेम तेथूनच आलेला आहे. या नेमामागे पाहिलेली, ऐकलेली, बुडालेली घरे आहेत. त्याला जुनाट म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. योगायोग असा की, हा खेळ विकणारी कंपनी मुळात पत्तेच बनविणारी. १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी निन्टेन्डोचा व्यवसाय सुरू केला तो ‘हानाफुडा’ नावाच्या फुलांच्या पत्त्यांचा. बारा महिन्यांची बारा झाडेफुले, प्रत्येकी चार, असे ४८ पत्ते. दिसावयास अतिशय देखणे, पण जपानमधील जुगाराच्या अड्ड्यांवर हेच पत्ते चालत. १९०२ पासून कंपनी पाश्चात्त्य धर्तीचे पत्तेही छापू लागली. तेव्हा आजोबांना जो वास आला, तो अगदीच काल्पनिक नव्हता.

तरीही पत्ता हा कागद आहे. जुगार त्यावर लावलेल्या पैशात असतो. ५२ पत्त्यांची रचना, चार रंग, प्रत्येकी १३ पाने, हे गणित शिकविण्यास फार सोयीचे साधन आहे, आणि जगातील जादूगारांनी पत्ते निवडले त्याचे कारणही हेच. माझे मत विचाराल तर जादूसाठी घरात आलेला कॅट मुलाला जुगाराकडे नेतो असे मला वाटत नाही. पण ज्या घराचा नेम आहे, त्या घराने तो माझ्या मतासाठी मोडू नये. कॅट फळीवर राहू द्यावा, यंत्र खाली घ्यावे. पत्त्यांशिवाय करता येणारे प्रयोगही त्यात आहेत. नेम पाळल्याने थोडे प्रयोग हुकतील, एवढेच. आणि ‘आपल्या घरात हे नाही’ हे वाक्य अकराव्या वर्षी कारणासह ऐकलेले मूल पुढे मित्रांच्या खोलीतही ते आठवते, असा माझा अनुभव आहे.

हा खेळ रचण्यात निन्टेन्डोबरोबर ज्या संस्थेचा हात होता, ती ‘तेन्यो’ ही टोकियोची कंपनी. आणि व्यापारी घरांतील वाचकांना तिची हकीकत यंत्रापेक्षा अधिक रोचक वाटेल. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी शोक्योकुसाई तेनकात्सु नावाची एक विख्यात स्त्री जादूगार होऊन गेली. तिच्या परंपरेतील तेन्यो या जादूगाराने १९३१ साली ही कंपनी काढली. (जादूच्या बाबतीत जपानी प्रेक्षक किती रसिक, याची एक खूण म्हणून सांगतो: आपले थोर जादूगार पी. सी. सरकार जानेवारी १९७१ मध्ये होक्काइडो बेटावर प्रयोगांच्या दौऱ्यावर असतानाच वारले.) तेन्योचा माल विकण्याची पद्धत पाहण्याजोगी आहे. मोठमोठ्या जपानी भांडारांत खेळण्यांच्या विभागात त्यांचा एक गाळावजा काउंटर असतो. काउंटरमागचा विक्रेता स्वतः जादूगार असतो. जाणारायेणारा थांबतो, विक्रेता त्याच्या डोळ्यांदेखत नाणे अदृश्य करतो, आणि पुढच्या क्षणी तीच वस्तू बंद डबीत विक्रीला असते.

यात मालाचे मोल किती? डबीत थोडे प्लास्टिक आणि सूचनांचा एक कागद असतो. ग्राहक पैसे देतो ते कल्पनेचे. आणि येथे या धंद्याची एक अडचण आहे, जी आपल्या धान्याच्या, कापडाच्या किंवा सोन्याच्या धंद्यात नाही. कापड घरी नेल्यावर ग्राहक अधिक संतुष्ट होतो. जादूची डबी घरी उघडल्यावर मात्र तो बहुधा थोडा खट्टू होतो. “एवढेच होय?” हा उद्गार प्रत्येक जादूविक्रेत्याला ठाऊक असतो. रहस्य जितके साधे, तितका प्रयोग चांगला. आणि जितके साधे, तितका गिऱ्हाईक नाराज. तेन्योची कीर्ती झाली ती याच ठिकाणी. त्यांच्या रचना इतक्या चतुर असतात की, रहस्य कळल्यावरही माणूस तिच्या रचनाकाराला दाद देतो. हातचलाखी फारशी न येणाऱ्यालाही जमेल अशा वस्तू दरवर्षी नव्याने काढणे, हे त्यांनी दीर्घ काळ सांभाळले.

रहस्याचे रक्षण कायद्याने होते काय, हा प्रश्न कोणत्याही व्यापाऱ्याला सुचेल. होते, पण विचित्र रीतीने. अमेरिकेतील जादूगार होरेस गोल्डिन याने स्त्रीला करवतीने कापण्याच्या आपल्या प्रयोगाचे पेटंट १९२३ साली मिळविले. पुढे १९३३ मध्ये एका तंबाखू कंपनीने सिगारेटच्या जाहिरातींत जादूची रहस्ये फोडली, त्यांत हाही प्रयोग होता. गोल्डिन न्यायालयात गेला आणि १९३८ मध्ये हरला. पेटंट घ्यावयाचे तर रचना जाहीर करावी लागते. आणि जे त्याने स्वतःच सरकारदरबारी जाहीर केले, ते रहस्य उरले कोठे? कुलूप घ्यावयास गेला आणि किल्लीचे चित्र चौकात लावून आला. त्यामुळे जादूगारांच्या जगात रहस्य टिकते ते बव्हंशी परस्परांच्या शब्दावर. हा भाग मुलाला जरूर सांगावा. पेढीवरील माणसाचा शब्द काय असतो ते त्याला घरातून ठाऊक आहेच.

हे यंत्र जादू खरोखर शिकविते काय? थोडी शिकविते. क्रम, बोलणे आणि थांबणे या तीन गोष्टी ते चांगल्या शिकविते. नवशिक्या जादूगाराची चूक ठरलेली असते: तो घाई करतो, आणि नको तेव्हा हसतो. यंत्राशी ताळमेळ ठेवावा लागल्याने मुलाला थांबणे शिकावे लागते. पण तळव्यात नाणे दडविणे, दोरीची गाठ सरकविणे, हे पडद्यावरून येत नाही. त्याला नाणे लागते, दोरी लागते आणि आरसा लागतो. दुसरा दोष अधिक मोठा वाटतो. प्रयोग संपल्यावर लोक म्हणतात, “यंत्र भारी आहे.” मुलाचे श्रेय यंत्र घेऊन जाते. म्हणून माझा सल्ला असा की, या यंत्राला तीनचार आठवड्यांचा शिक्षक समजावे. त्यानंतर मुलगा रुमाल, नाणे, दोरी यांच्याकडे वळला तर खेळ सार्थकी लागला. नाही वळला तर यंत्र खणात गेले तरी नुकसान नाही.

आता आजोबांच्या दुसऱ्या, अधिक वजनदार आक्षेपाकडे येतो. जादू ही फसवणूक आहे, यात शंका नाही. पण ती सांगून केलेली फसवणूक आहे. ‘मी आता जादू करतो’ असे म्हणणारा माणूस समोरच्याला आधीच बजावतो की, तुझे डोळे आज तुला चकविणार आहेत. पाहणारा ते पत्करून बसतो, आणि उठताना त्याच्या खिशातून काही गेलेले नसते. हे दोन आधार काढून घेतले की उरते ती लबाडी.

हा भेद नीट दिसावा म्हणून दुसऱ्या एका खेळाचे उदाहरण देतो. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगार जोडीने १९९५ च्या सुमारास सेगा कंपनीच्या यंत्रासाठी एक खेळ तयार केला होता. प्रकाशक कंपनी बुडाल्यामुळे तो त्या वेळी बाजारात आलाच नाही. त्यातील अनेक भागांचा हेतू असा की, यंत्राच्या मालकाने पाहुण्या मित्राला चकवावे. एका भागात दोघांची विमानांची लढत आहे. मित्राला वाटते सामना बरोबरीचा आहे, आणि मालकाची जीत मात्र आधीच ठरलेली. त्या दोघांनी हे विनोदाने केले, आणि त्यांचा विनोद मला आवडतो. (त्याच खेळात वाळवंटातून टूसॉन ते लास व्हेगास अशी आठ तासांची बस चालवावयाची आहे; वाटेत काहीही घडत नाही आणि पोहोचल्यावर एक गुण मिळतो!) पण ती लढत मी ११ वर्षांच्या मुलाच्या हाती देणार नाही. तेथे मित्राला आपण फसविले जात आहोत हे माहीत नाही, आणि हार त्याच्या पदरी बांधली जाते. तोलात काटा मारण्याचा तो पहिला धडा ठरू शकतो. ‘मास्टर ऑफ इल्युजन’ मध्ये मूल उभे राहून प्रयोग जाहीर करते. दोन्ही खेळांत यंत्र खोटे बोलते, तरी दोन्ही एका पारड्यात घालता येत नाहीत.

आणखी एक बाजू आहे, जी दुकान चालविणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. जादूचा पाया म्हणजे समोरच्याचे लक्ष हवे तेथे नेणे. हीच युक्ती घेऊन गल्ल्यापाशी येणारे लोक आपण सर्वांनी ऐकले आहेत. एक जण मोठी नोट देऊन सुटे मागतो, सुटे हाती पडताच विचार बदलतो, यातले थोडे परत करतो, त्या मालिकेच्या नोटा आहेत का विचारतो, मध्येच वस्तूचा भाव विचारतो. आणि संध्याकाळी गल्ला जुळत नाही. दुसरा सांगतो, “शेठजी, आपल्या नोटा खाली पडल्या,” आणि आपण वाकतो तेवढ्यात गादीवरील पिशवी नाहीशी होते. तिसरा दारोदार दागिने उजळून देतो, आणि उजळण्याच्या पाण्यात सोने उतरवून घेतो. या तिघांपैकी कोणाच्याही हाताला दैवी वेग नसतो. त्यांनी एवढेच साधलेले असते की, ज्या क्षणी पाहावयास हवे त्या क्षणी आपण दुसरीकडे पाहतो. ज्या मुलाने स्वतः दहा वेळा आत्याचे लक्ष उजव्या हाताकडे नेऊन डाव्या हाताने नाणे लपविले आहे, त्याला गल्ल्यावर बसल्यावर प्रश्न लवकर सुचतो: हा माणूस मला इतके का बोलवितो आहे? नोटा मोजताना बोलावयाचे नाही, व्यवहार अर्धा सोडून दुसरा सुरू करावयाचा नाही, हे नियम जुन्या मुनीमजींनी घालून दिले. जादू शिकलेल्या मुलाला त्या नियमांचे कारण हाताने कळलेले असते.

चमत्काराच्या नावाने चालणारी ठकबाजीही जादूगारांनीच अधिक ओळखली आहे. हॅरी हुडिनी याने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांच्या युक्त्या उघड केल्या आणि १९२६ मध्ये भविष्यकथनाच्या धंद्याविरुद्धच्या विधेयकाच्या बाजूने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी आधी ‘चमत्कार’ करून दाखवितात आणि मग त्यामागील युक्ती समजावून सांगतात, ते अनेक वाचकांनी शाळेच्या पटांगणात पाहिले असेल.

तेव्हा आईने मुलाला काय सांगावे? आजोबांचे म्हणणे दडवू नये. पत्ते का नाहीत ते आजोबांनीच त्याला सांगावे, आणि बाकीचे प्रयोग पाहण्यास पहिल्या रांगेत आजोबांनीच बसावे. जादूगारांचे तीन जुने दंडक त्यास लावून द्यावेत: सराव पुरा झाल्यावाचून प्रयोग दाखवू नये, त्याच माणसांसमोर तोच प्रयोग लागलीच पुन्हा करू नये, आणि रहस्य विचारले तरी सांगू नये. त्यांत घरचा चौथा घालावा: पैसे, खाऊ किंवा पैज यांवर कधीही प्रयोग करू नये. यंत्राचा वेळ रोज अर्धा तास पुरे. सूचना इंग्रजीत आहेत, म्हणून पहिले काही दिवस कोणी मोठ्याने शेजारी बसावे लागेल.

आणि ज्या घरांत हे यंत्र नाही, पत्ते नकोत, तरी मुलांना जादू हवी आहे, त्यांच्यासाठी एक जुना प्रयोग देतो. रहस्य फोडल्याचा आरोप मजवर येऊ नये. हे गणिताच्या जुन्या पुस्तकांत कधीचेच छापलेले आहे. जाड कागदाचे सहा तुकडे कापा. त्यांच्या डोक्यावर अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२ हे अंक लिहा. ही सहा वजने आहेत असे समजा. एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात ही वजने ठेवली तर १ पासून ६३ पर्यंत कोणतेही पूर्ण वजन तोलता येते, आणि प्रत्येकासाठी वजनांची निवड एकच असते. (वजने दोन्ही पारड्यांत ठेवण्याची मुभा असेल तर १, ३, ९, २७ या चारांत ४० पर्यंत तोलता येते, हे कोडे फ्रेंच गणिती बाशे याने १६१२ साली छापले.) आता १ ते ६३ प्रत्येक संख्येसाठी कोणती वजने लागतात ते मुलाने स्वतः काढावे, आणि ती संख्या त्या त्या कागदावर लिहावी. ३७ घ्या: ३२, ४ आणि १. म्हणून ३७ हा आकडा ३२ च्या, ४ च्या आणि १ च्या कागदावर येईल, उरलेल्या तिघांवर येणार नाही. सर्व लिहून झाले की प्रत्येक कागदावर बरोबर ३२ संख्या भरतात. कमीअधिक भरल्या तर कोठेतरी चूक आहे असे समजावे.

पाहुण्याने मनात एक संख्या धरावी आणि ती ज्या कागदांवर असेल ते परत द्यावेत. मुलाने त्या कागदांच्या डोक्यावरील अंकांची मनातल्या मनात बेरीज करावी. कागद चेहऱ्यासमोर धरून थोडा वेळ डोळे मिटावेत, आणि मग संख्या सांगावी. बेरीज करताना ओठ हलता कामा नयेत. तेवढ्यासाठी आरशासमोर दोन दिवस लागतील.